गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी: डॉ. सलीम अली आणि आपलं अंगण

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. या आठवड्यात आपल्या मोबाईलवर सलीम अलींचे फोटो फिरतात. पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण, बारीक पण काटक अंगकाठी. खाली लिहिलेलं असतं, हा आपल्या समाजाचा माणूस. अभिमान वाटतो, तो वाटायलाच हवा. पण फोटो पुढं पाठवला आणि काम झालं, असं होता कामा नये. या माणसानं आयुष्यभर नेमकं काय केलं, ते आपल्या मुलांना सांगता येतं का? आणि त्यातलं काही आपल्या घरात, आपल्या परसात उतरलं आहे का? आम्हाला वाटतं, त्यांची कहाणी पुन्हा एकदा सविस्तर सांगायला हवी, कारण ती सुरू होते ती घरातूनच. एका चिमणीपासून, आणि मुसलमान घरात कुणीही विचारेल अशा एका साध्या प्रश्नापासून.

यतीम पोर आणि मामूंचं घर

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वर्षाचे होते तेव्हा वडील गेले, तीन वर्षांचे झाले तोवर आई झीनतुन्निसा यांचंही छत्र हरपलं. या यतीम मुलांना मामू अमीरुद्दीन तैय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सांभाळलं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. मुंबईच्या खेतवाडीतलं त्यांचं घर या भावंडांनी भरून गेलं. हे तेच तैय्यबजी घराणं, ज्यातले बद्रुद्दीन तैय्यबजी १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि अब्बास तैय्यबजी पुढं गांधीजींच्या बरोबरीनं स्वातंत्र्यलढ्यात उतरले. शिकलेलं, नाव कमावलेलं, पण राहणीनं मध्यमवर्गीय घर.

अमीरुद्दीन मामूंना शिकारीचा शौक. त्या काळी तो खानदानी मर्दाचा छंद मानला जाई. घरातल्या पोरांनाही तोच नाद. मामूंनी सलीमला एक छऱ्याची बंदूक दिली आणि पोरगं घराच्या आसपासच्या चिमण्या टिपायला लागलं. क्रॉफर्ड मार्केटमधून स्वयंपाकासाठी जिवंत तितर-बटेर आणले जात, तेव्हा त्यातले एक-दोन हंडीतून वाचवून मुलं ते पाळायची. पक्षी म्हणजे खायचा किंवा पाळायचा, एवढीच त्या घराची आणि त्या काळाची समज होती. आपल्या कित्येक घरांत ती आजही तेवढीच आहे.

पण या पोराला आणखी एक खोड होती. तो पाहिलेलं लिहून ठेवायचा. नऊ-दहा वर्षांचा असताना घराच्या तबेल्याच्या भिंतीत चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर पहाऱ्यावर. सलीमनं नराला टिपलं. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्याच जागी बसला. त्यालाही टिपलं, तर तिसरा हजर. सात दिवसांत असे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. ही गोष्ट आज ऐकताना अंगावर काटा येतो, ते बरोबरच आहे. पण त्या पोरानं ती जशी घडली तशी वहीत लिहिली होती, आणि जवळजवळ साठ वर्षांनी ती नोंद अभ्यासकांसमोर छापून आली. तबेल्याच्या भिंतीतली चिमणी म्हणजे खेतवाडीतल्या प्रत्येकाच्या नजरेसमोरची गोष्ट. लिहून ठेवणारा मात्र तोच निघाला.

खायला चालेल का?

मग एके दिवशी एक वेगळीच चिमणी हाती लागली. बाकी सगळी चिमणीसारखी, फक्त गळ्यावर पिवळा डाग, जणू हळदीचं बोट लागलं आहे. घरची शिकवण पक्की होती, जे खायचं ते हलाल असलं पाहिजे. ही नेहमीची चिमणी नाही, मग ही मुसलमानानं खाल्लेली चालेल का? हा प्रश्न घेऊन सलीम मामूंकडे गेला.

मामूंना उत्तर येत नव्हतं. इथं दोन गोष्टी होऊ शकल्या असत्या. मामू पोराला गप्प बसवू शकले असते, किंवा काहीतरी ठोकून देऊ शकले असते. अमीरुद्दीन तैय्यबजी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. ही संस्था १८८३ मध्ये मुंबईत सुरू झाली होती. त्यांनी संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि मेलेली चिमणी देऊन भाच्याला तिकडं पाठवलं.

गोऱ्या साहेबासमोर जायचं म्हणून पोरगं बिचकलं होतं. मिलार्ड साहेबानं मात्र त्याला प्रेमानं वागवलं. चिमणी पाहिली आणि ती कोणती ते लगेच सांगितलं. ती होती पिवळ्या गळ्याची रानचिमणी. मग एकेक खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. एवढ्या प्रकारचे पक्षी आपल्या देशात आहेत, हे त्या पोरानं पहिल्यांदाच पाहिलं. मिलार्डनी वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्यांची कातडी टिकवायची कशी ते शिकायची सोय केली, नोंदी ठेवायला लावल्या.

आपण आईबापांनी या प्रसंगातलं मामूंचं वागणं नीट पाहावं, असं आम्हाला वाटतं. मिलार्डसारखा जाणकार प्रत्येकाला भेटेलच असं नाही. पण मुलाचा प्रश्न आपल्याला येत नसेल तर ज्याला येतो त्याच्याकडे मुलाला पाठवायचं, हे कुठल्याही घरात जमण्यासारखं आहे. भारतातल्या पक्षिशास्त्राचा एवढा मोठा डोलारा एका मामूच्या चिठ्ठीवर उभा राहिला.

ना पदवी, ना नोकरी

पुढचा रस्ता सरळ नव्हता. सलीमला लहानपणी डोकेदुखीचा त्रास होता, शाळा वारंवार बुडायची. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेजात मन रमेना, गणित झेपेना. मग घरच्यांनी ब्रह्मदेशात तवाय इथं पाठवलं. तिथं कुटुंबाचा लाकडाचा आणि खाणीचा धंदा होता. धंद्यापेक्षा तिथल्या जंगलातच त्यांचा वेळ जास्त गेला. १९१७ मध्ये मुंबईला परत आले. दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला लागले. झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. डिसेंबर १९१८ मध्ये तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला.

पदवी नव्हती, म्हणून झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाईड लेक्चरर म्हणून लागले. येणाऱ्यांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगायची, असं काम. दोन वर्षांनी रजा काढून जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेसेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. श्ट्रेसेमानना ते शेवटपर्यंत आपले उस्ताद मानत. मेलेल्या पक्ष्याची कातडी मोजण्याइतकंच जिवंत पक्षी कसा वागतो ते बघणं मोलाचं आहे, ही नजर त्यांना तिथं मिळाली.

१९३० मध्ये परत आले तर म्युझियमकडे पैसा नाही म्हणून ती जागाच रद्द झालेली. वय चौतिशीला आलेलं, विलायतेत शिकून आलेला माणूस आणि हाताला काम नाही. नातेवाईक काय बोलले असतील ते आपल्याला सांगायला नको. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशी शिकून घरी बसलेली पोरं आहेत आणि त्यांना ऐकवणारी तोंडंही आहेत.

किहीमचं झाड

मुंबईत राहणं परवडेना, म्हणून सलीम आणि तहमीना अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. पावसाळा सुरू झाला. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत बसली. एरवी चिमणीसारखा दिसणारा नर या दिवसांत पिवळाधमक होतो. सलीम अलींकडे नोकरी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, वेळ मात्र भरपूर होता. ते झाडाजवळ आडोशाला बसायचे आणि तासन् तास फक्त पाहायचे. कुठल्या नरानं कुठलं घरटं कधी सुरू केलं, मादी कधी आली, काय झालं, सगळं लिहायचे.

आपल्या मराठीत या पक्ष्याचं नावच सुगरण, म्हणजे बाईमाणसाचं. घरटं तीच विणते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विणणारा नर असतो. तो एकामागून एक पातं आणून घरटं अर्धं विणतो, खाली झोका धरून पंख फडफडवत गातो. मग माद्यांचा थवा येतो. मादी आत शिरून विणकाम तपासते, ओढून बघते. पसंत पडलं तर तिथं राहते, नाही तर सरळ दुसरीकडे. तिनं होकार दिला की मगच नर अंड्यांची खोली आणि लांब बोगदा पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी नवीन घरटं सुरू करतो, नवीन मादीसाठी. शेकडो वर्षं शेतकऱ्यांच्या डोक्यावर लोंबणारी ही घरटी होती, पण त्यांचा सगळा व्यवहार सलीम अलींनी नोंदीनिशी उलगडला. ते काम सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं आणि देशाबाहेरच्या अभ्यासकांनाही त्यांचं नाव कळलं.

नोकरी गेलेल्या माणसाचं पहिलं मोठं काम दारातल्या झाडाखाली झालं. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला हाच भाग आपल्यासाठी सगळ्यात जवळचा आहे. आष्ट्याच्या आसपास कुणाच्याही मळ्यात जा, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला पावसाळ्यात सुगरणीची घरटी लटकलेली दिसतात. किहीमला जे झाड होतं ते आपल्याकडेही आहे. खाली बसणारा माणूस तेवढा कमी आहे.

तहमीना आणि भटकंती

यानंतर सलीम अलींनी एक विलक्षण प्रस्ताव मांडला. संस्थानांनी फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्यावा, पक्ष्यांची पाहणी आपण बिनपगारी करू. निजामाच्या हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पुढं कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांची पाहणी झाली. बैलगाडी, घोडं, पायपीट, तंबू, डासमाश्या, मलेरिया. या सगळ्यात तहमीना बरोबर होत्या. मोठ्या घरात, चांगल्या राहणीत वाढलेली ही बाई जंगलातल्या तंबूत आनंदानं संसार करत होती, कामाचा हिशेब ठेवत होती, नवऱ्याच्या इंग्रजी लिखाणावर नजर फिरवत होती. १९३९ मध्ये एका छोट्या ऑपरेशननंतर त्यांचा इंतकाल झाला. मूलबाळ नव्हतं. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. वांद्र्याच्या पाली हिलवर बहीण कम्मू आणि मेव्हण्यांच्या घरी राहिले आणि स्वतःला कामात बुडवून घेतलं. पुढं त्यांनी जे काही मिळवलं त्यात तहमीनांचा वाटा किती होता, हे त्यांनी स्वतः मोकळेपणानं मान्य केलं आहे.

१९४१ मध्ये द बुक ऑफ इंडियन बर्ड्स आलं. रंगीत चित्रं, सोपं वर्णन, पक्षी कुठं दिसतो, काय खातो, घरटं कुठं करतो. ज्याला शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही ते पुस्तक हातात धरून अंगणातला पक्षी ओळखता यायला लागला. पिढ्या या पुस्तकावर वाढल्या. नॅशनल बुक ट्रस्टसाठी लईक फतेहअली यांच्या सोबतीनं त्यांनी सामान्य वाचकांसाठी नेहमीच्या पक्ष्यांवर छोटं पुस्तकही लिहिलं. अमेरिकेतले अभ्यासक डिलन रिप्ले यांच्याबरोबर भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचे १० खंड लिहिले. पहिला खंड १९६८ मध्ये आला तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते, शेवटचा १९७४ मध्ये आला. आपल्याकडे साठीला माणूस आता काय राहिलंय म्हणतो.

स्वातंत्र्यानंतर नॅचरल हिस्ट्री सोसायटी पैशाअभावी अडचणीत आली, तेव्हा त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहून तिच्यासाठी मदत मिळवली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. त्याच १९७६ साली जे. पॉल गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी सोसायटीच्या निधीला देऊन टाकले. केरळच्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात बुडू नये म्हणून आवाज उठवला. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र आलं. त्याच्या नावातही ती चिमणीच आहे, द फॉल ऑफ अ स्पॅरो. २० जून १९८७ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत ते अल्लाहला प्यारे झाले. गोव्यातल्या चोडण बेटावरचं पक्षी अभयारण्य, कोइमतूरची पक्षिविज्ञान संस्था आणि औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं सलीम अली सरोवर, ही सगळी त्यांच्या नावानं आहेत.

जे लपवायचं नाही

आपल्या माणसाबद्दल लिहिताना फक्त गोडगोड लिहायची सवय असते. ती बरी नाही. सलीम अलींनी अभ्यासासाठी आयुष्यभर पक्षी मारले आणि शास्त्रासाठी नमुने लागतात, असं त्यांचं ठाम मत होतं. धर्माच्या नावानं चालणाऱ्या दिखाऊपणाबद्दलची नाराजी त्यांनी आत्मचरित्रात झाकून ठेवलेली नाही. तेव्हा आपला समाज त्यांच्यावर हक्क सांगतो, तर त्यांचं हे वेगळेपणही सोसायची तयारी हवी. कुणी कितीसा धार्मिक होता याचा हिशेब अल्लाहकडे आहे. त्यांच्या कामानं किती लोकांचा फायदा झाला, ते आपण बघू शकतो.

आणि मोठा माणूसही चुकतो. राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव पाणथळ शेतीसाठी कोरडं होण्यापासून वाचवायला त्यांनी मोठा झगडा दिला. ते पुढं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथं गुरांची चराई बंद व्हावी, असंही त्यांच्यासह तज्ज्ञांचं म्हणणं होतं. १९८२ मध्ये बंदी आली, गावकऱ्यांशी संघर्ष झाला आणि गोळीबारात काहींचा जीव गेला. पुढं सोसायटीच्याच अनेक वर्षांच्या अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्यामुळं पाण्यात गवत माजलं आणि पाणपक्ष्यांची जागाच कमी झाली. चुकीचा शोधही नोंदी ठेवणाऱ्यांनीच लावला, आणि तो त्यांच्याच संस्थेनं छापला. आम्हाला ही गोष्ट त्यांच्या पद्मविभूषणाइतकीच मोठी वाटते. गावात राहणाऱ्या, म्हशी राखणाऱ्या माणसांना विचारल्याशिवाय पक्षी वाचत नाहीत, हा त्यातला धडा.

आता आपल्या परसाकडे

वाळवा तालुक्यातलं आष्टा हे उसाचं गाव. सगळीकडे हिरवं दिसतं, पण ते एकाच पिकाचं हिरवं. बांध अरुंद झाले, बांधावरच्या बोरी-बाभळी तुटल्या, ऊस गेला की पाचट पेटते आणि त्यात किडेमकोडे, झुडपं सगळं जळतं. गावात कौलं गेली, स्लॅब आले. जुन्या घराच्या तुळईवर, भिंतीच्या कोनाड्यात चिमणी राहायची, आता तिला गुळगुळीत प्लास्टर मिळतं. पूर्वी दारात धान्य पाखडलं जायचं, आता पीठ पिशवीतून येतं. चिमणी दाणे खाते खरी, पण पिल्लांना तिला किडे-अळ्या भरवाव्या लागतात. आपण परसात फवारा मारला की तिची पिल्लं उपाशी राहतात. चिमण्या कुठं गेल्या, असं आपण विचारतो. त्यांचं घर आणि दाणा दोन्ही आपणच काढून घेतलं.

ते परत देणं फार खर्चाचं नाही. सगळ्यात पहिलं पाणी. मातीचं पसरट भांडं घ्यावं, दोन बोटांपेक्षा खोल नको, मध्ये एखादा दगड ठेवावा म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकायला जागा होते. सावलीत, पण मांजर दबा धरू शकणार नाही अशा ठिकाणी ठेवावं. रोज घासून पाणी बदलावं, नाही तर डासही होतात आणि पक्षी आजारीही पडतात. मग दाणा. बाजरी, तांदळाची कणी मूठभर पुरे. शिळा मसालेभात, खारे शेंगदाणे, फरसाण घालू नये. चिमणीसाठी लाकडी खोकं लावायचं तर छिद्र सव्वा ते दीड इंचाचं, आठ-दहा फूट उंच, थेट ऊन लागणार नाही अशा भिंतीला.

पण खरे पाहुणे येतात ते झाडाला. शेवगा आणि जास्वंद फुलली की शिंजीर येतो, इवलासा, चकाकता, लांब बाकदार चोचीचा. पेरू, पपई आणि उंबर असेल तर बुलबुल आणि तांबट. तांबट म्हणजे दुपारभर टुक टुक करणारा, भांडी ठोकल्यासारखा आवाज काढणारा हिरवा पक्षी. रुंद पानांचं झुडूप असेल तर शिंपी पक्षी दोन पानं शिवून त्यात घरटं करतो. सकाळी गोड शीळ घालणारा काळा-पांढरा दयाळ. कोपऱ्यात थोडा पालापाचोळा पडू द्यावा, त्यातले किडे टिपायला हुदहुद येतो, डोक्यावर तुरा असलेला. कुराण पाकमध्ये हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांना सबाच्या मुलुखाची खबर आणून देणारा पक्षी तो हाच. घरातल्या मुलांना सूरह नम्ल शिकवताना हाच हुदहुद खिडकीतून दाखवता आला, तर तो सबक ते आयुष्यभर विसरणार नाहीत.

आपल्या दीनमध्ये तर हे सगळं आधीच आहे. मुसलमानानं लावलेल्या झाडाचं फळ माणसानं खाल्लं, जनावरानं खाल्लं किंवा पक्ष्यानं खाल्लं, तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे. सफरमध्ये कुणी एका पक्षिणीची पिल्लं उचलली, ती वर घिरट्या घालायला लागली, तेव्हा पिल्लं तिला परत करायचा हुकूम रसूलुल्लाह ﷺ यांनी दिला, हेही हदीसमध्ये आलं आहे. सदक्याची पेटी मशिदीच्या दारात असते तशी परसातही लावता येते.

इथं एक कडवट गोष्ट सांगावी लागते. आपल्या अनेक घरांत अजून पिंजऱ्यात पोपट आहे, कुठं मुनिया, कुठं तितर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानातले पोपट, मुनिया, तितर पाळणं आणि विकणं गुन्हा आहे. पोपट घरात बोलतो याचं कौतुक होतं. ढोलीतून काढलेली किती पिल्लं बाजारात पोचायच्या आधीच मरतात, ते आपण बघत नाही. घरात असा पक्षी असेल तर उगाच सोडून देऊ नये, जन्मभर पिंजऱ्यात राहिलेला पक्षी बाहेर जगेलच असं नाही. वन विभागाला कळवावं. पोरांच्या हातातली गलोर आणि पतंगाचा नायलॉन मांजा यांचाही एकदा घरात बसून विचार व्हावा.

एक वही

पक्षी बघायला दुर्बीण लागतेच असं नाही. दोनशे पानी वही आणि पेन बास. तारीख, वेळ, कुठं दिसला, काय करत होता. नाव माहीत नसलं तरी चालेल, रंग आणि चोच लिहावी. घरात अम्मी, दादी, नानी यांना विचारावं, त्यांच्या लहानपणी कुठले पक्षी यायचे, त्यांना काय म्हणायचे. ती नावंही वहीत येऊ द्यावीत. सुगरणीनं विहिरीवरच्या बाभळीला पहिलं पातं कधी बांधलं, एवढं एकच दरवर्षी लिहिलं तरी दहा वर्षांनी आष्ट्याच्या पावसाची आणि पक्ष्यांची अशी नोंद तयार होईल, जी कुठल्याच सरकारी कचेरीत नसेल.

आणि वही लिहिताना मुलानं एखादा असा प्रश्न विचारला, की ज्याचं उत्तर अब्बांकडेही नाही आणि मौलानांकडेही नाही, तर त्याला गप्प बसवू नका. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे पाठवा, वनरक्षकाकडे पाठवा, पुस्तक आणून द्या. खेतवाडीतल्या एका मामूंनी एवढंच केलं होतं.